तीन मिलिमीटर

रेविनच्या बॅगेत आठ बाटल्या असतात,
करंगळीच्या पेराएवढ्या.
अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस,
एकीत धुळीतले किडे, एकीत गवताचे पराग,
एकीत नुसतं मिठाचं पाणी,
आणि एकीत हिस्टमिन,
ज्यावर बहुतेक कुणाचंही कातडं भडकतंच.

डनीडनमध्ये जुलै म्हणजे ऐन थंडी.
इथे सूर्य उत्तरेकडून जातो.
दक्षिण उतारावरची घरं मे महिन्यात सावलीत शिरतात
ती ऑगस्टपर्यंत बाहेर येत नाहीत.
तिकडे भाडं कमी.

प्रश्न साधा होता :
बुरशीची ॲलर्जी किती जणांना असते,
आणि असली तर तिने किती बिघडतं?
एक निबंध म्हणतो शंभरात तीन,
दुसरा म्हणतो दहा,
तिसरा वीस पानं खर्चून म्हणतो,
कुणाला विचारता त्यावर आहे.
प्राध्यापक मॅक्इंडोंनी चष्मा पुसला.
"म्हणजे आपणच दारं वाजवायची," म्हणाले,
आणि रेविनकडे बघितलं.

पहिल्या आठवड्यात सत्तेचाळीस दारं.
चौदा उघडलीच नाहीत.
एका पडद्यामागून कुणीतरी बघत राहिलं,
घरमालकाचं माणूस समजलं असेल.
तक्त्यात 'नकार' असा रकाना आहे.
'भीती' असा नाही.

आयला पेट्रीबाई, वय एकाहत्तर.
"बुरशी? आमच्याकडे? काहीतरीच!"
भिंत नव्या रंगाची. तिला टेकवलेलं कपाट
जरा जास्तच घट्ट टेकवलेलं.
पंधरा मिनिटांत अल्टरनेरियाची गांध उठली,
सात मिलिमीटर, बटणासारखी.
बाईंनी बाही खाली ओढली,
जणू रेविनने त्यांच्या झाडूपोछ्यावरच बोट ठेवलं होतं.
चहा मात्र दिला. बिस्किट नाही.

आणि मग वरच्या गल्लीतलं फालेओलोंचं घर.
कुबट वास जिन्यातच भेटायला आला.
इओआने, वय आठ, निळा पंप खिशात,
रात्री दोनला खोकला सुरू होतो
तो थेट शाळेपर्यंत सोबत.
छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके,
त्याने त्यांना नावं दिलेली :
हा व्हेल, ही बोट, हा टकला मास्तर.

टोचताना रडला नाही.
मिठाच्या पाण्याला काही नाही.
हिस्टमिनला टपोरी गांध, ठरल्याप्रमाणे.
अल्टरनेरियापाशी जरा लाल, जरा फुगीर.
रेविनने पट्टी धरली. अडीच.
दिव्याखाली नेऊन पुन्हा धरली. अडीच.
नियम तीनचा आहे.

"कमी पडलो का?" त्याने विचारलं.
तिला पटकन काही सुचलं नाही.
अर्धा मिलिमीटर म्हणजे
पेन्सिलीची रेघ जरा जाड काढली तर.
कुणाला कळणार नव्हतं.
आणि उद्या शंभरातला तो आकडा
कशाच्या जोरावर खरा म्हणायचा?

तिने लिहिलं : ॲलर्जी नाही.
आतल्या खोलीत जाऊन इओआने खोकला,
नेहमीसारखाच, निकाल न ऐकल्यासारखा.

सिना, त्याची आई, एवढा वेळ गप्प होती.
ती उठली, एक मग घेऊन आली.
"रोज सकाळी खिडक्या टॉवेलने पुसते,
पिळते, ते हे. आजचं.
हेही लिही."

असा रकाना नव्हता.
रेविनने अख्खा कागद खालीवर पाहिला,
मागची बाजूही.
मग मग टेबलावर ठेवला, पाणी स्थिर होऊ दिलं,
आणि तीच पट्टी आत उभी धरली.

चाळीस मिलिमीटर.

समासात लिहिलं. तारीख घातली.
सिनाने वाकून वाचलं,
आणि पाणी मोरीत ओतून
मग उद्यासाठी पालथा ठेवला.